सापाची मावशी

आमच्या चिरंजीवांनी यंदा फटाके नाकारले आणि मागितली ऑस्ट्रेलियातली निळ्या जिभेची, दीड-दोन फुटी सापसुरळी! ‘ती अंडी घालीत नाही, पिल्लेच देते,’ ही वर माहिती. मी सांगितले, तो देश ती व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. आणि आपली घोरपड पाळणे तर १९७२च्या कायद्याने गुन्हा. स्वारी हिरमुसली.

इतक्यात परसातून सौभाग्यवतींची किंकाळी आली. झाडलोटीत फरशीखालून तकतकीत सापसुरळी निघाली होती. इथेच, शिरूर अनंतपाळला, लहानपणी ‘सापाची मावशी, चावली की माणूस पाणी मागत नाही’ म्हणून मी अशीच एक दगडाने ठेचली होती. हात काठीकडे गेलाच.

‘बाबा, तिला विषच नसते!’ चिरंजीव आडवे आले.

काठी ठेवली. मग मीही थोडे ज्ञान पाजळले. २०१६ साली शास्त्रज्ञांनी गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांची नवी प्रजाती ठरविली आणि तिचे नाव ठेवले ‘सरडा’, चक्क आपला मराठी शब्द! तिच्यातली एक नवी जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. चिरंजीवांचे डोळे चमकले.

फरशी होती तिथेच आहे. पाहुण्यांना तिची हकिगत सांगताना लहानपणचा तो दगड मात्र मी गाळतो.