कुलाब्याचा आकडा खराच होता

पावसाळा सुरू झाला की मुलुंड-बोरिवलीकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिनचा फतवा निघतो: ‘फक्त अधिकृत माहितीच टाका.’ लोकांना यात शहाणपण दिसते, मला आळस दिसतो. शिक्का पाहिला की मजकूर तपासायचे कष्ट वाचतात, एवढीच या नियमाची कमाई. ‘उद्या शाळांना सुट्टी’ हे महापालिकेचे बोधचिन्ह असलेले पत्रक घ्या. बोधचिन्ह खरे, निर्णयही खरा, फक्त मागच्या कुठल्यातरी वर्षीचा. तारीख कापून टाकली की ‘उद्या’ रोजच उजाडतो.

ताजे आणि अस्सल असले तरी भागत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाची चोवीस तासांची नोंद सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाली आणि कुलाब्याला सुमारे ७३. दोन्ही वेधशाळा एकाच हवामान खात्याच्या, दोन्ही आकडे चोख. पण त्या संध्याकाळी कुलाब्याच्या पावसावरून कोणी ‘घाटकोपरला निघा खुशाल’ असे सांगितले असते, तर अधिकृत आधार असूनही तो सल्ला जिवावर बेतला असता.

दुसरा लाडका सिद्धांत असा, की अफवांचे मूळ मोबाइलमध्ये आहे. त्या पुरानंतर दोनच दिवसांनी, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची, त्सुनामी आल्याची आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसे मेली, लहान मुलेही. तेव्हा व्हॉट्सॲप जन्मालाही आले नव्हते. पाण्याने नुकत्याच झोडपलेल्या माणसांना पाण्याची बातमी लगेच पटली. पाणी कोणी पाहिले, हे विचारायला उसंत कुणाला होती?

मग सरकारनेच खरे-खोटे ठरवावे, असे काहींना वाटते. तो प्रयोगही मांडून झाला. केंद्राच्या कारभाराविषयीची कोणती ऑनलाइन माहिती खोटी वा दिशाभूल करणारी, हे केंद्राच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवायचे, अशी तरतूद एप्रिल २०२३ मध्ये नियमांत आली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, प्रकरण तिसऱ्यांकडे गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द ठरली. योग्यच झाले. ज्याच्याविषयी बोलले जाते आहे त्यालाच पंच नेमणे गल्लीतल्या क्रिकेटमध्येही चालत नाही.

मग विश्वास ठेवायचा कुणावर? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सर्वांना एकच, असेही तो बजावतो. हुद्द्याला या व्याख्येत जागाच नाही.

मध्य रेल्वे रखडते तेव्हा ही व्याख्या कामाला लागते. फलाटावर ‘तांत्रिक कारणामुळे’ एवढेच ऐकू येते. एम-इंडिकेटर ॲपच्या चॅटवर मात्र कुणी निनावी प्रवासी लिहितो, ‘विक्रोळी सोडली, कांजूरच्या आधी उभी आहे.’ त्याचे नाव-गाव मला ठाऊक नाही, पण तो त्या गाडीत आहे, आणि थाप मारलीच तर खोडून काढायला त्याच डब्यात ढीगभर माणसे फोन काढून बसली आहेत. नाव लपवूनही पकडले जाण्याची ही सोय अनेक नामांकित संकेतस्थळांवर नसते.

मात्र तोच प्रवासी पुढे लिहितो, ‘ओव्हरहेड वायर तुटली आहे, दोन तास लागतील,’ तेव्हा त्याची आप्तता संपते. गाडी थांबली हे त्याला जागेवरून कळते, तार कुठे तुटली आणि जोडायला किती वेळ लागेल हे कळत नाही. ते दुरुस्तीला गेलेल्या माणसाला कळते, आणि त्याचा निरोप आधी रेल्वेच्या नियंत्रण कक्षात पोहोचतो. तेवढ्यापुरते मी फलाटावरच्या त्या कंटाळवाण्या आवाजाकडेच कान देईन.