वणवा आणि वैरणीचा हिशेब

फाल्गुन सरत आला की कंधारच्या परिसरात बालाघाटाच्या माळांवर वणवे दिसू लागतात. जुने गवत जाळल्यास नवे जोमाने येते, ही समजूत अगदीच खोटी नाही. राखेतून कोवळे कोंब फुटतात खरे. परंतु वर्षानुवर्षे जाळल्याने पवना, मारवेल मागे हटतात आणि आगीला पुरून उरणारी कुसळी माजते. तिची कुसळे गुरांच्या तोंडात रुततात. लालकंधारी गोवंशाच्या माहेरीच वैरणीची ही होळी! चंडोलाची भुईवरची घरटी, झाडांची रोपे तीत जातात, ती वेगळीच. १९२७ च्या वन कायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला. पण केवळ धाकाने माळ राखला जात नाही. हिवाळ्यातच गवत कापून नेण्याचा हक्क गावास दिल्यास जाळण्याजोगे थोडेच उरेल, आणि जाळरेषा राखण्यात गावाचा स्वार्थही गुंतेल.