आधी अभ्यास, मग निर्णय

लक्ष्मीबाई नगर ही आपली सरकारी नोकरदारांची वसाहत. तिच्या प्रश्नांचा विचार करताना मला आठवते ते गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याचीच.

घोषणेपेक्षा मोलाचा वाटतो तो तिथला अभ्यासगट. देवाजी तोफांसारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे साथी त्यात एकत्र बसले. कायदा वाचायचा, जंगल समजून घ्यायचे, शंका काढायच्या. निर्णय मात्र गटाने घ्यायचा नाही. तो ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर पुन्हा चर्चा. वेळ लागतो. लागू द्यावा!

म्हणूनच २००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होते. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले.

आपल्या वसाहतीत फायली कोळून प्यायलेले निवृत्त अधिकारी आहेत, प्रश्न विचारणारी कॉलेजची मुले आहेत. त्यांनी असा एक गट सुरू करावा. पहिला विषय पाण्याचा घ्यावा.