नळ गळून राह्यला अन् आपण पाहून राह्यलो

रिद्धपूर म्हटलं की गोविंदप्रभू आठवतात, लीळाचरित्र आठवतं, आता तर मराठी भाषा विद्यापीठही आठवतं. एवढ्या मोठ्या गावात आजचा विषय मात्र बारका आहे. अंगणातला गळका नळ! हसू नका मित्रांनो, आधी हिशेब करा.

सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण चार थेंबांचं एक मिलिलिटर धरलं, तर २१ लिटरच्या वर पाणी गेलं. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. म्हणजे एका माणसाच्या वाट्यातला तिसरा हिस्सा आपण नुसता मातीत घालतो. आणि हे कुठे? मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात, जिथे बोअरवेल दरवर्षी आणखी खोल चालल्या आहेत.

गळका नळ फक्त पाणी घालवत नाही. आपल्याकडे नळ चोवीस तास येत नाहीत. पुरवठा थांबला की पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच आपल्या हंड्यात येतं. नळाखालच्या डबक्यात मच्छर होतात, ते वेगळंच.

"प्लंबर येईन तवा पाहू," हे उत्तर घरोघरी ऐकू येतं. पण एवढ्याशा कामासाठी प्लंबर लवकर येत नाही, आणि त्यात त्याचीही चूक नाही. हे काम आपलंच आहे.

आधी नळ कुठून गळतो ते पाहा. बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असेल, तर आतला वायसर गेला. नळ चालू असताना चाकीखालून पाणी झिरपत असेल, तर दांड्याभोवतीचं पॅकिंग सैल झालं. भिंतीजवळच्या जोडातून गळत असेल, तर आट्यांवरची टेप संपली.

मग टाकीचा वॉल्व बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी काढा. पान्याने वरचा भाग खोला, वायसर बाहेर काढा आणि तोच दुकानात नेऊन त्याच मापाचा आणा. बसवण्याआधी आतली बैठक कापडाने पुसा. बैठकीलाच खड्डे पडले असतील तर नवा वायसरही टिकणार नाही, नळच बदला. जोडाला टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळा. शेवटी कसताना ताकद दाखवू नका, प्लास्टिकचे आटे तुटतात. अर्ध्या फेरीत बंद होणाऱ्या नव्या नळांत बहुधा वायसर नसतो, आतला पूर्ण तुकडाच बदलावा लागतो. आणि आपल्या वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन रबर-प्लास्टिक कडक करतं, म्हणून उन्हाळा संपला की उघड्यावरचा नळ एकदा तपासाच.

पोरींनो, हे तुमच्यासाठीही आहे. पाणी भरायचं काम घरात बहुतेक तुमच्याच वाट्याला येतं. मग पाना पोराच्याच हातात कायले पाह्यजे?

घरचा नळ जमला की गावाकडे पाहा. कितीतरी सार्वजनिक नळांना तोटीच नसते, नळ आला की पाणी रस्त्यावर. तोटी बसवणं ग्रामपंचायतीचं काम आहेच, ग्रामसभेत ते ठणकावून मागा. पण बसवलेली तोटी महिनाभरात गायब होते, ते काम ग्रामपंचायतीचं नाही, आपलंच कुणाचं तरी आहे. तेही ग्रामसभेत बोला.

हातात कला आली अन् गोडी लागली, तर आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. गावोगाव नळजोडण्या झाल्या, त्या दुरुस्त करणारे हात मात्र कमी आहेत. बारावीनंतर काय, या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे.

या रविवारी मोबाइल तासभर बाजूला ठेवा. एक पाना, एक वायसर, एक टेप. एवढ्यात दिवसाचे वीस लिटर वाचतात, राजा!