भाला आणि पाटी

शाळेच्या पुस्तकातला आदिमानव आठवतोय? अंगावर कातडं, हातात भाला आणि समोर चवताळलेलं जनावर. माणूस 'माणूस' कसा झाला, या प्रश्नाचं उत्तर त्या चित्रानं आमच्या पिढीला देऊन टाकलं होतं: शिकार केली म्हणून! चित्रात बाई असलीच, तर मागे गुहेच्या तोंडाशी, शेकोटीजवळ बसलेली. मला हे चित्र आता अपुरं वाटतं.

त्याला कारण माझी आत्या. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात ती राहायची. सुट्टीत गेलो की मी कालवांसाठी हट्ट धरायचो. ती म्हणायची, "आज अष्टमी ना रे! पाण्याला भांग आहे. अवसेपर्यंत थांब." अवसेच्या पहाटे पाणी दूर सरकायचं, एरवी बुडालेले खडक उघडे पडायचे आणि आत्या, शेजारच्या बायका नि आम्ही पोरं पाट्या घेऊन निघायचो. पाणी वळायच्या आत परतायचं, हा नियम. यात काही विद्या आहे, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. आत्यालाही नाही.

पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंटच्या गुहांविषयी वाचलं आणि आत्या डोळ्यांपुढे उभी राहिली. या गुहा मोसेल बे या गावाजवळ, समुद्रकड्यात आहेत. डच भाषेत 'मोसेल' म्हणजे आपल्या कोकणातल्या शिणाण्यांचेच भाऊबंद. कर्टिस मरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली जाहीर केलं की, इथल्या एका गुहेत सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वी माणसं शिंपले आणून खात होती. तिथेच घासलेली गेरू आणि बारीक दगडी पाती सापडली. तो काळ हिमयुगाचा. आफ्रिकेचा बराच भाग थंड आणि कोरडा पडला होता. अशा वेळी किनाऱ्यानं काहींना तगवलं असावं.

यातली गंमत पुढेच आहे. तेव्हा समुद्र मागे हटलेला होता, गुहेपासून काही किलोमीटर दूर. इतकी पायपीट करायची आणि खडक पाण्याखाली, तर सगळीच फुकट. मरीन यांचं म्हणणं असं की, चंद्राच्या कला आणि भरती-ओहोटी यांचं नातं ओळखल्याशिवाय हा उद्योग परवडला नसता. म्हणजे आकाशातला चंद्र पाहून चार दिवसांनंतरचा बेत आखायचा! आत्याचं 'अवसेपर्यंत थांब' हेच की.

आता कुणी म्हणेल, मासे-शिंपल्यांनीच माणसाचा मेंदू मोठा केला. इतकं सरळ ते नाही. माणसाचा मेंदू त्याच्या कितीतरी आधीच वाढला होता. शिवाय स्पेनमधल्या बाहोन्डिल्यो गुहेत निअँडर्थल मानवांनीही सुमारे १,५०,००० वर्षांपूर्वी शिंपले खाल्ल्याचे पुरावे आहेत. तेव्हा शिंपला ही काही जादूची कांडी नव्हे. किनारा हा माणसाच्या घडणीतला एक धडा आहे, सगळं पुस्तक नव्हे.

पण तो धडा आपण गाळला, एवढंच माझं म्हणणं. शिंपल्यावर गोळा करणाऱ्याचं नाव कोरलेलं नसतं, हे खरं. तरी आजवर पाहिलेल्या अनेक समाजांत हे काम मुख्यतः बायका-मुलं आणि म्हातारीकोतारी करतात. शिंपला पळत नाही, अंगावर येत नाही. त्याला बळ कमी लागतं. लागते ती आठवण, निरीक्षण आणि जाणत्या माणसाचा शब्द. शिकार हुकली त्या रात्री गुहेतली पोरं उपाशी झोपली नसतील, तर ती कुणामुळे?

आज आपण असल्या ज्ञानाला अडाण्यांचं काम म्हणतो. खाडीत घाण सोडताना, किनारा भरून काढताना कालवं काढणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. तिची कमाई हिशेबात धरायची की नाही, इथपासून वाद. लाखभर वर्षांचं शहाणपण एका पाटीत घेऊन ती चिखलातून चालली आहे, हे आपल्या गावीही नसतं.

आत्या आता नाही. तिच्या सुनेला तिथी विचारली, तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहते. पुस्तकातल्या चित्रातला भाला राहू द्या, मला त्याचं वावडं नाही. फक्त त्याच्या शेजारी एक पाटी काढा.