गाडी अडली की आधी कार्ब्युरेटर खोलू नका

पोफळीची झावळे पिवळी पडली की काही बागायतदार तडक दुकान गाठतात आणि खताचे पोते घेऊन येतात. मुळाशी पाणी साचले आहे का, पाट तुंबला आहे का, हे वाकून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत आपल्या जयगड भागात नेमके हेच चालते. गाडी जरा खोकली, चढावर दम टाकला, की निदान ठरलेले: कार्ब्युरेटर गेला! मग जेट काढा, स्क्रू फिरवा, नाहीतर नकली कार्ब्युरेटर आणून बसवा. पैसे जातात आणि खोकला तसाच राहतो.

मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि त्याच ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाची व्हॅन १९८४ साली. पुढे याच गाड्यांत संगणकाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. पण त्याआधीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या ज्यांनी जपल्या आहेत, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. भर एप्रिलमध्ये पेट्या भरलेली व्हॅन निवळीच्या चढणीवर किंवा तवसाळच्या फेरीबोटीवर चढताना बंद पडली, तर नुकसान केवळ गाडीचे होत नाही. पिकलेला आंबा मेकॅनिकची वाट पाहत थांबत नाही.

कार्ब्युरेटरचे काम म्हणजे हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलला किलोमागे नऊच किलो हवा पुरते, म्हणून मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास लागते. कार्ब्युरेटरची भोके मात्र जुन्याच हिशेबाने पाडलेली. इंजिनाला पेट्रोल थोडे कमी पडते, सकाळी गाडी लवकर पेटत नाही, दाबल्यावर अडखळते. त्यात इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळाभर गाडी झाकून ठेवली, तर टाकीच्या तळाशी पाणी वेगळे होऊन बसू शकते. हा दोष इंधनाचा. शिक्षा मात्र कार्ब्युरेटरला होते.

हे प्रमाण आपोआप सांभाळले जावे म्हणून अमेरिकेत १९८१ च्या सुमारास संगणकाचा ताबा असलेले कार्ब्युरेटर सर्रास बसवले गेले. ते इकडे कोणाच्या पडवीत दिसणार नाहीत. पण त्यांच्यापासून निदानाचा एक धडा घेण्यासारखा आहे. धुराच्या नळीत एक संवेदक असतो. जळून गेलेल्या धुरात प्राणवायू किती उरला, हे तो संगणकाला कळवतो. प्राणवायू जास्त असेल तर संगणक समजतो की पेट्रोल कमी पडते आहे, आणि कार्ब्युरेटरमधल्या विजेच्या झडपेकडून ते वाढवून घेतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही झडप सेकंदाला दहा वेळा उघडझाप करते.

आता समजा, एका प्लगमध्ये ठिणगीच पडत नाही. त्या सिलिंडरमधली हवा न जळता तशीच बाहेर येते. संवेदकाला भरपूर प्राणवायू दिसतो. संगणक आणखी पेट्रोल सोडतो. गाडी काळा धूर ओकते, पेट्रोल पिते, आणि बघणारा म्हणतो, कार्ब्युरेटर बिघडला. वास्तविक बिघडला होता अगदी स्वस्तातला लहानसा भाग! म्हणून तिकडचे जाणते कारागीर संगणकाची सूचना पाहण्याआधी ठिणगी आणि हवेची गळती तपासतात, आणि इंजिन पुरते तापल्याशिवाय संवेदकावर विश्वास ठेवत नाहीत. कारण सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो नीट बोलतच नाही.

आपल्याकडे याची धाकटी भावंडे मोटारसायकलीवर सापडतात. २००३ साली आलेल्या पल्सर डीटीएस-आयमध्ये कार्ब्युरेटर साधाच होता, पण मूठ किती पिळली याची खबर त्यावरच्या स्विचकडून ठिणगीच्या डब्याला जात असे. ती वायर खाऱ्या हवेने हिरवी पडली किंवा तुटली, तर गाडीचा जोर कमी होतो आणि पोरे बिचाऱ्या जेटच्या मागे लागतात.

तेव्हा व्हॅन अडली की आधी एवढे पाहावे. त्रास थंड असताना होतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, हे चालवणाऱ्याला नीट विचारावे. अर्धे निदान तिथेच होते. मग फिल्टरकडच्या नळीतून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही. हे काम उघड्यावर, थंड इंजिनावर, विडी-काडीपासून दूर करावे. उरलेले पेट्रोल झाकून लांब ठेवल्याखेरीज ठिणगीची परीक्षा घेऊ नये.

प्लग काढून रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी किंवा कुठून तरी फुकटची हवा आत येते आहे. तीनपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर कार्ब्युरेटरला दोष देऊ नये; तो तिघांना एकाच ताटातले वाढतो. त्या एका प्लगची वायर, टोपी बघावी. पॉइंट घासून साफ करावेत आणि बॅटरीची इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवून खरवडावी. खाडीच्या काठी ही पट्टी वरून चांगली दिसते आणि आतून कुजलेली असते.

फुकटची हवा शोधायला इंजिन चालू ठेवून रबरी नळ्यांवर आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. जिथे शिंपडताच इंजिनाचा आवाज बदलतो, तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तो आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

आणखी एक लहान पण फार फसवणारी गोष्ट. बऱ्याच मारुती कार्ब्युरेटरवर एक विजेची झडप असते. ती बंद पडली की पाय काढताच इंजिन बंद होते, पण पाय दाबून ठेवला तर गाडी व्यवस्थित चालते. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि कान लावावा. ‘टिक्’ असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर आधी तिची वायर आणि फ्यूज बघावा.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच कार्ब्युरेटर उघडण्याचा विचार करावा. तेव्हासुद्धा मिश्रणाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसवून किती फेरे होतात ते मोजावे आणि गाडीच्या कागदांत लिहून ठेवावे. आवळून बसवू नये, टोक बोथट होते.