वाघ पकडल्यानंतरची भीती

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात उन्हाळा लागला की मोहफुले, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसात रोवणी आणि धान भरू लागले की जागल. जंगलाकडे पाठ फिरवून पोट भरेल असा हंगाम इथे नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांत 13 माणसे मारणारा ‘सीटी-1’ वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा भागात पकडला गेला आणि कागदोपत्री प्रकरण मिटले. माणसांच्या अंगातले मिटले का?

झुडपात सळसळ झाली की विचार पुरा होण्याआधीच मेंदूतला अमिग्डाला हायपोथॅलॅमसला जागे करतो. मज्जातंतूंवाटे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला निरोप जातो, ॲड्रिनॅलिन सुटते, काही सेकंदांत छाती धडधडू लागते. मागोमाग दुसरी, संथ साखळी हलते: हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक, पिट्युटरीतून एसीटीएच, शेवटी त्याच ग्रंथीतून कॉर्टिसॉल. कॉर्टिसॉल रक्तात साखर वाढवते आणि मग मेंदूकडे परतून स्वतःचाच पुरवठा थांबवते. या थांबवण्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाचा मोठा हात असतो. घटकाभराच्या संकटासाठी ही सोय उत्तम आहे. रोजच्या धास्तीसाठी ती बनलेलीच नाही.

कॉर्टिसॉल एरवी पहाटे चढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. नेमके तेव्हाच धानाच्या बांधावर माणूस रानडुकरांसाठी, आणि 2021 पासून जिल्ह्यात आलेल्या रानहत्तींसाठी कान टवकारून बसलेला असतो. असे महिनोन्‌महिने चालले की शरीराची झीज होते. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी 1993 मध्ये या झिजेला ‘ॲलोस्टॅटिक लोड’ म्हटले. रक्तदाब आणि साखर वाढते, झोप मोडते, आणि थांबवणारा हिप्पोकॅम्पसच दुबळा होतो.

भ्यालेला माणूस अधिक सावध असतो, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. नॉरॲड्रिनॅलिन फार वाढले की कपाळामागचा, विचार करणारा मेंदू मागे पडतो. दचकणे वाढते, निर्णय बिघडतात. आणि जंगलात चुकीच्या निर्णयाला दुसरी संधी क्वचितच मिळते.

मृत्यूची, जखमेची, पिकाची भरपाई सरकार देते, द्यायलाच हवी. पण जी बाई शेजारणीचा मृतदेह पाहून आली आणि आठवड्याने पुन्हा पत्ता तोडायला गेली, तिच्यासाठी भरपाईच्या पंचनाम्यात रकाना नाही. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. तो लावायला मोबाइलला रेंज लागते, आणि धाकधूक हे दवाखान्यात सांगण्याजोगे दुखणे आहे हे आधी कोणीतरी सांगावे लागते. घटना घडलेल्या गावात पुढचे सहा महिने रक्तदाब मोजताना ‘झोप लागते का?’ एवढे विचारायला वेगळा निधी लागत नाही. सध्या तिथे वनविभागाची गाडी येते आणि पंचनामा करून निघून जाते.